उन्हात चालवलेला बोर्ड

मदरबोर्ड कसा ओळखायचा हे मला कुणी शिकवलं नाही. माझ्या वडिलांनी मेंढी कशी ओळखायची ते शिकवलं, आणि त्यातलं बरंचसं बोर्डाला लागू पडतं असं माझं मत आहे. बाजारात मेंढी उभी असते तेव्हा विकणाऱ्याने तिला धुऊन-पुसून आणलेलं असतं, लोकर फुगलेली असते आणि नवखं गिऱ्हाईक त्या लोकरीलाच भुलतं. माझे वडील त्रिंबक लोकरीत बोटं खुपसून पाठीचा कणा दाबतात, जबडा उघडून दात बघतात आणि मगच तोंड उघडतात. बोर्डाचंही तसंच असतं. खोका चकचकीत, आत रंगीत दिवे, वर काळी झाकणं. मी ते सगळं बाजूला सारून आत काय आहे ते बघते. सहा वर्षं औरंगपुऱ्यातल्या जब्बारभाईंच्या दुकानात मी हेच करतेय, आणि खोटं कशाला बोलू, शहरात माझ्याइतकं बोर्ड ओळखणारं दुसरं कुणी असेल असं मला वाटत नव्हतं.

आमचं काम जरा वेगळं आहे. प्रोसेसरला कंपनीने एक वेग ठरवून दिलेला असतो. काही प्रोसेसर असे असतात की त्यांना त्याच्याही पुढे पळवता येतं, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पण प्रोसेसर स्वतःच्या जिवावर पळत नाही. त्याला वीज पुरवणारा भाग बोर्डावर असतो, आणि तो कच्चा निघाला तर कितीही दमदार प्रोसेसर मध्येच मान टाकतो. म्हणून कुठला बोर्ड घ्यायचा, यावर सगळं अडतं. गेम खेळणारी पोरं येतात, घरांची थ्रीडी चित्रं काढणारे येतात, लग्नाचे व्हिडिओ कापणारे येतात. जब्बारभाई त्यांना चहा पाजतात आणि सांगतात की बोर्डाचं दिपालीला विचारा. दिपाली म्हणजे मी.

दुकानात एक रीत आहे. जब्बारभाईंच्या वडिलांचं याच जागेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हापासूनची. ज्याने भाग निवडून मशीन तपासलं त्याने आपलं नाव पांढऱ्या चिठ्ठीवर लिहून मशीनच्या आत चिकटवायचं. मशीन नीट चाललं नाही तर त्यानेच गिऱ्हाइकाच्या घरी जायचं आणि त्याच्यासमोर, आपल्या हाताने ती चिठ्ठी काढायची. तिथून पुढे त्याचं नाव कुठल्याच मशीनमध्ये लागत नाही, एखादं गिऱ्हाईक आपणहून ते नाव मागेपर्यंत. एका कारागिराची चिठ्ठी निघाली होती, तो महिनाभराने दुकान सोडून गेला. माझी सहा वर्षांत एकदाही निघाली नव्हती.

आणि दुकानात एक टेबल आहे. सागवानी, रेडिओच्या काळातलं, मागच्या एसी खोलीत ठेवलेलं. त्यावर जब्बारभाई स्वतः बसायचे. आम्ही बाहेर जोडणी करायचो, पण हे मशीन जाऊ दे की थांबव, हा शेवटचा शब्द त्या टेबलावर व्हायचा. यंदा मार्चमध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी बारीक काम सोडायचं ठरवलं. टेबलावर आता एक तर मी बसणार होते, नाहीतर त्यांची मुलगी मुबश्शिरा. मला ते टेबल हवं होतं. इतकं हवं होतं की मी त्याची स्वप्नं बघायचे, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मुबश्शिराला आम्ही मुबी म्हणतो. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परत आलेली. ती बोर्डाला हात लावण्याआधी चाळीस पानं वाचते. मी चाळीस बोर्डांना हात लावते आणि मग वाटलं तर एखादं पान वाचते. आमचं भांडण म्हणाल तर रोज व्हायचं आणि डबा म्हणाल तर रोज एकत्र खायचो.

एप्रिलच्या सुरुवातीला अजिनाथभाऊ दुकानात आले. ते माझ्याच गावचे, देवगाव रंगारीचे. लग्नाचे व्हिडिओ काढतात, घरीच कापतात. एकेक लग्न सहा-सात तासांचं, ते तयार करायला जुनं मशीन दीड दिवस घ्यायचं आणि हंगामात तर लग्नांची रांगच लागते. त्यांना पळणारं मशीन हवं होतं. जब्बारभाईंनी आम्हा दोघींना बोलावलं आणि अजिनाथभाऊंच्या देखत ठरवून टाकलं: प्रोसेसर एकच, बोर्ड दोन. एक मुबी निवडेल, एक दिपाली. जिचा बोर्ड जास्त वेग धरून ठेवेल तो या मशीनमध्ये जाईल, त्याच्यावर तिचं नाव लागेल, आणि एक मेपासून टेबलही तिचंच.

मुबीने निवडलेला बोर्ड खोक्यातून काढतानाच हाताला जड लागला. वीज पुरवणाऱ्या भागावर काळ्या धातूचा मोठा ठोकळा, त्याच्यावर आणखी झाकण. मी हसले. म्हणाले, ही नुसती लोकर आहे. मी निवडला तो साधा, तपकिरी, दिवे नसलेला. त्याच्यावरचे हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारे धातूचे ठोकळे, काडेपेटीएवढे होते, पण मी तो वीसेक मशीनमध्ये घातला होता आणि त्याचा एक गुण मला पाठ होता. प्रोसेसरवर एकदम भार आला की बाकीचे बोर्ड वीज देताना किंचित खाली झुकतात, हा झुकत नाही. मेंढीच्या भाषेत सांगायचं तर याचा कणा ताठ होता.

तीन दिवस आम्ही ते दोन्ही बोर्ड आलटून-पालटून चालवले. तोच प्रोसेसर, तोच पंखा, तेच एका लग्नाचं पाच तासांचं चित्रण तयार करायचं काम. खोलीत एसी चोवीसवर. माझा बोर्ड साडेपाच गिगाहर्ट्झच्या वेगाला एकदाही अडखळला नाही. मुबीचा पाच पॉइंट चारपर्यंत नीट चालला आणि साडेपाचला दोनदा बंद पडला. फरक थोडा होता, पण फरक होता. मुबीने तिच्या वहीतले आकडे पुढे केले. माझ्या बोर्डाचा वीज पुरवणारा भाग ब्याण्णव अंशांपर्यंत तापत होता, तिचा अडुसष्टला थांबत होता. मी म्हणाले, एकशे दहाची हद्द आहे आणि ब्याण्णव हद्दीच्या आत आहे, पास म्हणजे पास. जब्बारभाईंनी चष्मा वर करून दोन्ही आकडे बघितले आणि माझ्या बाजूने मान हलवली. मी चिठ्ठीवर ठळक अक्षरांत दिपाली लिहिलं आणि बोर्डाच्या शेजारी, काचेतून दिसेल असं चिकटवलं. त्या दिवशी मुबीने डबा एकटीने खाल्ला.

मशीन देवगावला गेलं त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. ते अजिनाथभाऊंकडे जाऊन काचेतून माझं नाव बघून आले होते. एकटे नाही, पारावरच्या चौघांना घेऊन. मी म्हणाले, एवढं काय त्यात. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ माझी मीच खूश होत बसले.

आठ दिवसांनी अजिनाथभाऊंचा फोन आला. मशीन सकाळी पळतंय, संध्याकाळी पळतंय, दुपारी मात्र बसतंय. बंद पडत नाही, पण गोगलगायीसारखं चालतंय. मी विजेचं कारण सांगितलं. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता आणि स्टॅबिलायझरही होता. मग मी धुळीचं कारण सांगितलं. मग त्यांच्या सॉफ्टवेअरचं. शेवटी मी त्यांनाच बोलले, की तुम्ही काहीतरी बटणं दाबली असतील, मशीन वापरायची अक्कल नसेल तर मशीनने काय करायचं. हे मी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, मला लहानपणी सायकल शिकवलेल्या माणसाला बोलले. त्यांनी फोन ठेवला आणि दुसरा फोन सरळ जब्बारभाईंना केला.

जब्बारभाईंनी मला आत बोलावलं. येत्या रविवारी नवरीकडचे पाहुणे लग्नाचा व्हिडिओ बघायला जमणार होते आणि अजिनाथभाऊंचं काम अर्ध्यावर अडकलं होतं.

"बेटा, रीत ती रीत," ते म्हणाले. "जा, अपने हाथ से चिठ्ठी काढून ये."

मी सांगितलं की मी जाईन, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय चिठ्ठी काढणार नाही, कारण माझा बोर्ड असा करूच शकत नाही. मुबी दारात उभी होती. तिने आपला बोर्ड पिशवीत घातला आणि चप्पल पायात सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. मला तिचा एवढा राग आला होता की देवगाव येईपर्यंत मी खिडकीकडेच तोंड करून बसले.

अजिनाथभाऊंची काम करायची खोली घराला लागून आहे. विटांच्या भिंती, वर पत्रे, एका बाजूला फोटो काढायचा हिरवा पडदा. साडेनऊला मी मशीन चालू केलं, त्यांचं अडकलेलं लग्न लावलं आणि मशीन साडेपाचच्या वेगाने सुसाट सुटलं. अकरापर्यंत एकदाही खाली आलं नाही. मी अजिनाथभाऊंकडे बघितलं, मग मुबीकडे बघितलं, आणि माझं नाक किती वर गेलं असेल ते मला आरशाशिवाय कळत होतं. अजिनाथभाऊ एवढंच म्हणाले की दुपार होऊ दे.

तेवढ्यात वडील आले. आमच्याकडे आता चाळीसच मेंढ्या उरल्यात, बाकी थोडी शेती. त्यांनी मेंढ्या लिंबाखाली बसवल्या होत्या आणि मी आल्याचं कळल्यावर तसेच चालत आले होते. उंबऱ्यावर बसून त्यांनी थोडा वेळ मशीनकडे बघितलं.

"तिथं दुकानात ह्याला कुठं चालवून बघितलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, आतल्या खोलीत.

"एसीत?"

मी हो म्हणाले.

"कन्नडच्या बाजारात आपण मेंढी घेतो, ती कव्हा घेतो?"

मला पुढे ऐकायची गरज नव्हती. कन्नडच्या बाजारात सगळे सकाळी खरेदी करून मोकळे होतात. आम्ही दुपारची वाट बघायचो. पसंत पडलेल्या मेंढीच्या गळ्यात दोरी घालून वडील ती माझ्या हातात द्यायचे, आणि मी तिला उन्हात बाजाराभोवती दोन फेऱ्या मारून आणायचे. मग ते तिच्या बरगडीवर तळवा ठेवून श्वास मोजायचे. कणा दाबणं, दात बघणं हे सगळं आधीचं. सौदा व्हायचा तो या फेऱ्यांनंतर. दोरी माझ्याच हातात असायची आणि नेमकी तीच गोष्ट मी विसरले होते. माझं सगळं शहाणपण अर्ध्या बाजाराचं होतं.

मला त्यांचा राग आला. ते बरोबर बोलत होते म्हणूनच जास्त आला. मी म्हणाले, ठीक आहे, दुपारी बघू.

आईने, कस्तुराबाईने, भाकरी आणि ठेचा पाठवला होता तो आम्ही तिथेच खाल्ला. मुबीने पिशवीतून तापमान मोजायचं यंत्र काढून भिंतीला टांगलं. एक वाजता खोलीत बेचाळीस अंश. दोनला चव्वेचाळीस. पत्रा वरून कडकड वाजत होता. मशीनच्या पडद्यावर वेगाचा आकडा साडेपाच होता, साडेपाचच राहिला, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी एकदम तीनवर आला. मग अडीच. मग दोन. वीज पुरवणारा भाग एकशे बारा अंशांवर पोहोचला होता आणि जळू नये म्हणून बोर्डाने स्वतःच वेगाची मान धरली होती. ब्याण्णवात वीस मिळवले की एकशे बारा होतात. हा हिशेब चौथीतलं पोर करेल. मुबीने वही पुढे केली नाही, तिने ती पिशवीतच ठेवली, आणि त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

मी हार मानली नाही. वेग उतरवला. पाच पॉइंट तीन, पाच पॉइंट दोन, मग पाच. बोर्ड निवायचं नाव घेईना. दहा मिनिटं चालायचा आणि पुन्हा बसायचा. अजिनाथभाऊ मागे स्टुलावर बसले होते. ते मला एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मीच स्क्रूड्रायव्हर उचलला. माझा बोर्ड काढला आणि मुबीचा मागितला. तो बसवताना त्याच्या काळ्या झाकणाला पहिल्यांदाच नीट हात लावला. झाकण नावालाच होतं. खाली खरा धातू होता, खाचा पाडलेला, जाड, आरपार वारा जाईल असा. जिला मी लोकर म्हणत होते ते मांस होतं. सहा वर्षं वरच्या दिखाव्याला हसत आल्यामुळे जे वर दिसेल ते खोटंच, अशी माझी खोड झाली होती, आणि दुकानात मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

तीन वाजता मुबीचा बोर्ड चालू झाला तेव्हा खोली पंचेचाळीसवर गेली होती. वीस मिनिटं पाच पॉइंट चारला पळाला. मग पडदा निळा झाला आणि मशीन बंद पडलं.

मुबीचा चेहरा उतरला. आणि मला जे वाटलं ते सांगतेच, कारण ते लपवलं तर या गोष्टीला अर्थ राहणार नाही. मला बरं वाटलं. दोन्ही बोर्ड पडले, म्हणजे बरोबरी. चूक माझी नाही, पत्र्याची. तिथे असं म्हटलं असतं तर अजिनाथभाऊंना किंवा वडिलांना काही कळलं नसतं, मुबीही त्या क्षणी इतकी खचली होती की बोलली नसती. टेबल पुन्हा माझ्या आवाक्यात आलं होतं.

पण आकडे माझ्यासमोर होते. तिच्या बोर्डाचा वीज पुरवणारा भाग एकोणनव्वद अंशांवर होता, हद्दीच्या बराच खाली. बोर्ड शाबूत होता. प्रोसेसर स्वतः तापला होता, आणि तो तापला कारण आम्ही त्याचा वेग चोवीस अंशांत बसून ठरवला होता. मेंढी चांगली होती, आम्ही तिला उगाच पळवत होतो.

मी मुबीला बाजूला सरकायला सांगितलं. वेग पाच पॉइंट तीनवर आणला, विजेचा दाब एकेक पायरी खाली घेतला, चालवून बघितलं, पुन्हा घेतला. हे काम मला येतं. वहीतून येत नाही, मशीनचा आवाज ऐकत-ऐकत येतं. पाच पॉइंट दोनवर पंख्याचा आवाज एका सुरात लागला आणि मी हात मागे घेतला. सव्वा चारला लावलेलं काम सव्वासहाला पूर्ण झालं, मध्ये वेग कणभरही हलला नाही. पडद्यावर नवरा-नवरी स्वच्छ दिसायला लागले. अजिनाथभाऊ दुपारपासून पहिल्यांदाच पाणी प्यायले.

मी आधी त्यांची माफी मागितली. फोनवर बोलले त्याबद्दल, सगळ्यांसमोर. मग माझी चिठ्ठी नखाने उचकटली. डिंक चांगला होता, ती सरळ निघेना, तुकडे-तुकडे होऊन निघाली. वडील उंबऱ्यावरून बघत होते. कोऱ्या चिठ्ठीवर मी मुबश्शिरा लिहिलं.

"वेग तू बसवलास," मुबी म्हणाली.

"बोर्ड तुझा आहे," मी म्हणाले. "चिठ्ठी बोर्डाची असते."

वडील उठले, धोतर झटकलं आणि मेंढ्यांकडे निघून गेले. मला वाटलं, त्यांनी पारावरच्या त्या चौघांना आता काय सांगायचं. रात्री जेवताना मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात शिरल्या-शिरल्या मी जब्बारभाईंना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले की टेबल मुबीचं आहे. पण तेवढ्यावर मी थांबले नाही, कारण येताना एसटीत मी तेच डोक्यात घोळवत आले होते. मी म्हणाले, टेबल मुबीला द्या, पण या खोलीतून हलवा. आपली मशीनं जातात कन्नडला, सिल्लोडला, पैठणला, पत्र्याखाली, गच्चीवरच्या खोलीत, आणि आपण त्यांना इथे थंडाव्यात बसवून पास करतो. सहा वर्षं मी ज्या ज्या मशीनांवर नाव लावलं ती सगळी मी सावलीत तपासली आहेत. त्यातली किती दुपारी बसत असतील आणि लोक उन्हाळ्याला दोष देत असतील, देव जाणे. बोलता-बोलता माझा आवाज चढला. बाहेर दोन गिऱ्हाइकं होती, ती आत डोकावली.

ऑपरेशननंतर जब्बारभाईंचे डोळे अजून पाणावतात, ते रुमालाने टिपत राहिले.

"अब्बा रेडिओ गच्चीवर ठेवून तपासायचे," ते म्हणाले. "दिवसभर धूप में. एसी मैंनेच लावला इथं."

त्याच दुपारी टेबल गच्चीवर गेलं. वर एक पत्र्याची खोली आहे, रिकाम्या खोक्यांनी भरलेली. जिना अरुंद, टेबल आडवं बसेना, उभं बसेना, शेवटी चारही पाय खोलावे लागले. एक बाजू मी आणि मुबीने धरली, दुसरी जब्बारभाईंनी, डॉक्टरांनी ओझं उचलू नका सांगितलेलं असूनही. वर पाय पुन्हा जोडले. खोलीत त्रेचाळीस अंश होते. तिघेही घामाने निथळत होतो.

मुबीने खोलीभर नजर फिरवली. टेबल तिचं होतं. तिने खुर्ची ओढली आणि माझ्याकडे सरकवली. ती म्हणाली, बोर्ड निवडायचं काम ती खाली बसून कागद वाचून करेल, पण वरच्या उन्हात त्याला किती पळवायचं हे तिला येत नाही आणि येतंय असं ती दाखवणारही नाही. ज्याने टेबल वर मागितलं त्याने वर बसावं. जब्बारभाईंनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि खुर्चीच्या पाठीवर हात मारून मला बसायची खूण केली.

चिठ्ठीवर मात्र अजून माझं नाव येणार नव्हतं. रीत ती रीत. मे महिनाभर मी वर तेवीस मशीनं चालवली. सकाळी अकराला बसायचे, साडेचारला उठायचे, डोक्यावर ओला रुमाल. तीन चांगल्या नावाजलेल्या बोर्डांना नापास केलं आणि एकाला, ज्याला आधी मी हातही लावला नसता, पास केलं. पहिल्यापेक्षा चांगलं काम करत होते, आणि हे मी मिरवायला सांगत नाही, मोजून सांगतेय. पण प्रत्येक मशीनच्या आत मी माझ्या हाताने मुबश्शिरा लिहायचे, आणि प्रत्येक वेळी ते मनाला लागायचं. तेवीस वेळा लागलं.

महिना संपता-संपता एका दुपारी अजिनाथभाऊंनी फोटो पाठवला. त्यांच्या मशीनची काच, आत मुबश्शिराची चिठ्ठी. तिच्या खाली, कॅबिनेटच्या पत्र्यावर, काळ्या मार्करने वेडीवाकडी मोठी अक्षरं: दिपाली त्रिंबक. ते अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. रेशनच्या फॉर्मवर, शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे वडिलांची सही तशीच वाकडी असते.

मी गच्चीवरूनच वडिलांना फोन लावला आणि चढ्या आवाजात विचारलं की मशीनमध्ये मार्कर घालायला कुणी सांगितलं, आत किती नाजूक भाग असतात, आणि नाव असं कुणीही उठून लिहीत नसतं, त्याची रीत असते.

"अजिनाथनंच लिहायला लावलं," ते म्हणाले. "म्हणला, मला ह्या पोरीचं नाव पायजे. गिऱ्हाईक त्योच हाय ना?"

मी खुर्ची ओढून बसले.

"अन् आपण उन्हात चालवल्याबिगर मेंढी घेत नाय," ते म्हणाले. "तू त्या दिशी उन्हात चालली. म्यां उंबऱ्यावर बसून बघितलं."

फोन ठेवल्यावर मी जिना उतरून खाली गेले आणि फोटो जब्बारभाईंसमोर धरला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मग विचारलं की गिऱ्हाइकाने आपणहून मागितलंय का. मी हो म्हणाले. मुबीने गल्ल्यातून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला.

मी वर आले. टेबलावर कन्नडला जायचं एक मशीन तीन तासांपासून चालू होतं, वेग जागच्या जागी. मी चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं, पण घामाच्या हाताने शाई पसरली. हात ओढणीला पुसला आणि दुसऱ्या चिठ्ठीवर पुन्हा लिहिलं.